बोट कापलंय आणि शनिवारी सुपारी आहे

संक्रांतीला येवल्यात आसारी (मांजाची फिरकी) धरली की एखाद्या बोटावर मांजाची रेघ उमटायचीच. ती डाव्या तर्जनीवर उमटली आणि शनिवारी नाशिकच्या गंगापूर रोडला गिटारचा दोन तासांचा गिग, म्हणजे सुपारी, असला, की जो तो आधी बोटाला काय गुंडाळायचं ते बघतो. त्याआधी हात घालायचा तो गिटारला. तार दाबायला जोरच कमी लागला तर पट्टीवरचा अर्धा भार तिथेच उतरतो.

अर्थात जखम गिटार वाजवण्याजोगी आहे का, हे अगोदर ठरवा. मांजाला काचेची पूड असते, म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच मिनिटं धुवा आणि उजेडात नीट बघा. कडा मिटत नसतील, पेर वाकत नसेल किंवा टोक बधिर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. टाके पडले, पू झाला किंवा बोट ठणकायला लागलं, तर सुपारी दुसऱ्याला द्यायची. यात घासाघीस नाही.

आता गिटार. अकूस्टिकवर १२-५३ चा सेट असेल (हे आकडे तारांच्या जाडीचे) तर बारीक तारांचा १०-४७ चढवा. वर सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या की ताण आणखी साधारण ११ टक्के घटतो, पूर्ण स्वराने उतरवल्या तर २१. गायकाचा सूर बदलायचा नसेल तर पूर्ण स्वर उतरवून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. नटपाशी (मानेच्या टोकाला तारा टेकतात तिथे) तारा उंच असतील तर तो त्रासही कॅपोने जातो. मात्र हे शनिवारी दुपारी करू नका. ताण कमी झाला की गिटारची मान किंचित मागे जाते आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारा खरखरतात. मग ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा सैल करावा लागतो. नव्या ताराही दिवसभर ताणत राहतात, म्हणून गुरुवारीच उरकून टाका. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमीची उजव्या हाताची दोन बोटं कारखान्यात टोकाला कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हे सगळे सांगतात. त्याने ताराही बारीक घेतल्या आणि पुढे सूरही उतरवला, ते मात्र कोणी सांगत नाही.

काप नेमका कुठे आहे, त्यावर कॉर्ड ठरतात. मांजाची रेघ बहुधा पेराच्या घडीत असते. तिथे असेल तर साधे कॉर्ड चालतात, बार कॉर्ड (तर्जनी आडवी टाकून तारा दाबायचे) विसरा. टोकाला असेल तर उलट: बार कॉर्ड एकवेळ जमतील, पण साध्या कॉर्डमधून तर्जनी काढून टाका. जी साठी मधलं, अनामिका, करंगळी. सी ऐवजी सी मेजर सेव्हन, त्यात तर्जनीचं कामच नाही. ए मायनरला मधलं बोट बी तारेच्या पहिल्या फ्रेटवर, अनामिका डी वर आणि करंगळी जी वर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला. करंगळी पहिल्या दिवशी रुसते. दोन संध्याकाळी रियाज केला की ऐकते.

पट्टी शेवटी. साधं बँड-एड नको, त्याच्या गादीत तार रुतते आणि आवाज दबतो. अर्धा इंची कापडी चिकटपट्टी घ्या. बोट कोरडं करा, भोवतालच्या धड कातडीला स्पिरिट लावून वाळू द्या. पाच सेंटिमीटरचा तुकडा नखाकडून टोकावरून पेराकडे उभा चिकटवा आणि एक वेढा पहिल्या पेराखाली द्या. नख दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर वेढा घट्ट झालाय. घामाने पट्टी सरकते, मध्यंतरात बदला.

फेविक्विक लावणारे पुष्कळ आहेत. ते औषध नव्हे. उघड्या जखमेत ते झोंबतं, कापसाला लागलं तर इतकं तापतं की चटका बसतो. घट्टा सोलला असेल आणि खालची कातडी शाबूत असेल तरच एक पातळ थर द्या, तो पूर्ण वाळला की दुसरा. जाड थर तडकतो आणि त्याची कड तारेत अडकते. ती कड नेलफाइलने घासून घ्या.

साउंडचेक दहा मिनिटांत आटपा आणि मॉनिटर वाढवून घ्या. स्वतःचं ऐकू आलं नाही की माणूस नकळत जोर लावतो. कठीण गाणी पहिल्या अर्ध्या तासात, बेंड (तार ओढून स्वर चढवणं) एकही नाही. जानेवारीत गच्चीवर थंडीने सूर हलतो, म्हणून गिटार केसमधून काढून वीस मिनिटं तिथेच राहू द्या आणि मगच ट्यून करा.

घरी आल्यावर पट्टी ओढू नका. कोमट पाण्यात भिजवून सोडवा. फेविक्विकचा थर साबणाच्या कोमट पाण्यात सुटतो. नाहीच सुटला तर थोडं नेलपॉलिश रिमूव्हर, तेही जखमेपासून लांब.