कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली आहे? या चुका टाळा

कोतातल्या (युनिटच्या शस्त्रागारातल्या) मोजणीत काडतुसं कमी भरतात, कॅन्टीनच्या हिशेबात तफावत निघते, सुट्टी संपून महिना उलटला तरी जवान परतत नाही, नाहीतर बॅरेकमध्ये सीनियरवर हात उचलला जातो. मग कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशी, बसते आणि घरचे चांगला वकील शोधायला लागतात. वकील लागतोच. पण त्याच्या हाती फाइल पडते तेव्हा तिच्यात खुद्द आरोपीच्या सहीचे ढीगभर कागद आधीच लागलेले असतात, आणि केस बिघडलेली असते ती त्या कागदांत.

खालची कलमं आर्मी ॲक्ट 1950 आणि आर्मी रूल्स 1954 मधली आहेत. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे आहेत, त्यामुळे तिथे आकडे बदलतील. चुका मात्र त्याच होतात.

‘मला फक्त साक्षीदार म्हणून बोलावलंय’

सुरुवात बहुतेकदा अशीच होते. जवान जबानी देतो, सही करतो आणि बाहेर बाकावर जाऊन बसतो. आत पुढचे साक्षीदार त्याच्याकडे बोट दाखवत असतात, याचा त्याला पत्ताही नसतो.

ज्या क्षणी एखाद्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी प्रतिष्ठेवर आच येते, त्या क्षणापासून रूल 180 लागू होतो. मग त्याला चौकशीत पूर्णवेळ हजर राहण्याचा, स्वतःचं म्हणणं मांडण्याचा, आपल्याविरुद्ध बोलणाऱ्या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याचा हक्क मिळतो. हा हक्क तोंडी मागू नका. चौकशीच्या अध्यक्षांच्या नावाने चार ओळींचा अर्ज द्या: ‘साक्षीदार क्रमांक 3 च्या जबानीमुळे माझ्या चारित्र्यावर आणि लष्करी प्रतिष्ठेवर परिणाम होत आहे. रूल 180 नुसार मला पुढच्या कामकाजात पूर्णवेळ हजर राहू द्यावे आणि आधी तपासलेल्या साक्षीदारांना माझ्यासमोर पुन्हा बोलवावे.’ खाली तारीख आणि वेळ लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच द्यायला कोणी तयार नसेल, तर तोच मजकूर आपल्या जबानीत लिहून घ्यायला सांगा.

यात एक खाच आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. रूल 22 प्रमाणे सीओंसमोर (कमांडिंग ऑफिसर, युनिटचे प्रमुख) आरोपाची सुनावणी होते आणि तिथे साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात. पण कोर्ट ऑफ इन्क्वायरीत रूल 180 पाळला गेला असेल, तर सीओ ही सुनावणीतली पायरी गाळू शकतात. ‘सीओ साहेबांसमोर बघू’ म्हणून इन्क्वायरीत गप्प बसलेल्याला ती संधी पुन्हा मिळेलच असं नाही.

‘उलटतपासणीस नकार’ या ओळीखाली सही

प्रत्येक साक्षीदाराच्या जबानीखाली एक ओळ टाइप झालेली असते: आरोपीने साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास नकार दिला. खाली सहीची जागा. पन्नास पानं समोर ठेवून कोणी ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणत बोट ठेवतं आणि जवान सह्या करत जातो. पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणात ‘मला संधीच दिली नाही’ म्हटलं, की समोरचा वकील तेच पान उघडून दाखवतो.

प्रश्न खरंच विचारायचे नसतील तर सही करायला हरकत नाही. पण विचारायचे असतील तर तयारीसाठी वेळ मागा आणि तो मागितल्याचीही नोंद करवून घ्या.

प्रश्न कसे असावेत? समजा, कोताच्या प्रकरणात साक्षीदार म्हणतो, ‘14 तारखेला चावी याच्याकडे होती.’ इथे तीन प्रश्न पुरतात. हे तुम्ही स्वतः पाहिलं की कोणी सांगितलं? चावीच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी सही कोणाची आहे? त्याआधीची मोजणी कधी झाली आणि तिच्यावर सही कोणाची? आणि तिथेच थांबायचं. ‘मी असं कशाला करेन, सांगा ना साहेब?’ हा प्रश्न नव्हे, गाऱ्हाणं झालं, आणि त्याला मिळालेलं उत्तर सहसा विचारणाऱ्याच्याच अंगाशी येतं. ज्या प्रश्नाचं उत्तर काय येईल याचा अंदाज नाही, तो न विचारलेला बरा.

जबानी इंग्रजीत टाइप होते आणि बोलणारा हिंदीत बोललेला असतो. सही करण्याआधी ती आपल्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवायला सांगा. ‘घेतलं’ आणि ‘चोरलं’ यातला फरक भाषांतरात सहज पुसला जातो. चौकशीत तुमच्या चारित्र्यावर किंवा लष्करी प्रतिष्ठेवर आच आली असेल, तर रूल 184 नुसार जबान्यांच्या आणि कागदपत्रांच्या प्रती मागता येतात. त्या नाकारायच्या तर लष्करप्रमुखांना कारणं नोंदवावी लागतात. प्रतींचा अर्जही लेखीच द्या.

इन्क्वायरी आणि समरी ऑफ एव्हिडन्स एकच समजणं

कोर्ट ऑफ इन्क्वायरीतली जबानी किंवा कबुली रूल 182 मुळे खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. यावरून काही जण ‘इथे काहीही बोललं तरी चालतं’ असा अर्थ काढतात. तो चुकीचा आहे. पुढे साक्षीदाराच्या उलटतपासणीत तीच जबानी काढता येते, मुद्दाम खोटं बोलल्याबद्दल वेगळा खटला होऊ शकतो, आणि कोर्ट मार्शल न करता प्रशासकीय कारवाईची नोटीस त्याच इन्क्वायरीवर निघू शकते.

समरी ऑफ एव्हिडन्सचं, म्हणजे कोर्ट मार्शलआधी लेखी पुरावा नोंदवण्याच्या टप्प्याचं, गणित उलटं. तिथे रूल 23 प्रमाणे साक्षीदारांनंतर आरोपीला ताकीद देऊन विचारलं जातं: तुम्हाला काही सांगायचं आहे का? सांगणं बंधनकारक नाही, पण जे सांगाल ते लिहून घेतलं जाईल आणि पुराव्यात येऊ शकेल. ही ताकीद म्हणजे निव्वळ औपचारिकता नव्हे. शंका असेल तर ‘मला या टप्प्यावर काही सांगायचं नाही’ एवढंच लिहून द्या. गप्प राहणं हा गुन्ह्याचा पुरावा ठरत नाही. साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र इथेही आहे, तो सोडू नका.

‘सगळं लिहून दे, साहेब सांभाळून घेतील,’ असं सांगणारा मनाने वाईट असतो असं नाही, पण पुढे साक्षीला उभं राहायची वेळ आली की तो मदतीला येत नाही. पोलिसाला दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. सीओ किंवा कंपनी कमांडर मात्र पोलीस नाहीत, आणि त्यांच्यापुढे आपखुशीने लिहून दिलेला कागद वापरला जाऊ शकतो. धमकी, आमिष किंवा वचन देऊन कबुली घेतली असेल तर ती टिकू नये, पण ते दाखवायला नोंद लागते. त्याच दिवशी कोणी, कुठे, कोणासमोर काय म्हटलं, हे लिहून ठेवा.

मोबाइल साफ करणं

चॅट पुसायचं नाही, फोन बदलायचा नाही, सिम तोडायचं नाही. समोरच्याच्या फोनमध्ये ते चॅट असतंच, आणि पुसल्यामुळे पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप ओढवतो. शिवाय तुमच्या बाजूचा मजकूरही त्यातच असतो: सुट्टी वाढवून मागितल्याचा मेसेज, लोकेशन, हॉस्पिटलमधला फोटो. साक्षीदारांना फोन करून ‘काय सांगितलंस’ हे विचारणंही टाळा.

सुट्टीवर अडकल्यावर गप्प बसणं

गैरहजेरी कलम 39 मध्ये येते आणि तिला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पळून जाणं कलम 38 मध्ये; सक्रिय सेवेत नसताना सात वर्षांपर्यंत, सक्रिय सेवेत मृत्युदंडापर्यंत. दोन्हींतला फरक हेतूचा, आणि हेतू ठरतो कागदांवरून. गैरहजेरीला 30 दिवस झाले की कलम 106 खाली इन्क्वायरी बसते. त्याआधी युनिटला लेखी कळवा, आजारपण असेल तर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखवा, आणि स्वतःहून हजर व्हा. धरून आणलेल्या आणि स्वतः आलेल्या जवानाची केस सारखी राहत नाही.

‘छोटी शिक्षा आहे, घेऊन टाक’

कलम 80 खाली सीओ 28 दिवसांपर्यंत कैद किंवा 14 दिवसांच्या पगारापर्यंत दंड देऊ शकतात. ही शिक्षा संपते, पण सेवेच्या नोंदीत तिची रेड इंक एंट्री (लाल शाईतली नोंद) राहते. चार एंट्र्या झाल्या की ‘अनडिझायरेबल सोल्जर’ म्हणून डिस्चार्जची नोटीस येऊ शकते. निव्वळ चार एंट्र्या पुरेशा नाहीत, आधी चौकशी करून सेवेचा काळ आणि परिस्थिती पाहावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली सांगितलं आहे. तरीही पहिल्या एंट्रीच्या वेळीच बाजू मांडलेली बरी.

समरी कोर्ट मार्शल त्याहून जड. इथे सीओ एकटेच न्यायालय असतात. लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचे असतील तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतात, डिसमिसही (बडतर्फ) करू शकतात, आणि निकालाला वरिष्ठांची मंजुरी लागत नाही. अंमल लगेच होतो. डिसमिसल म्हणजे आधीच्या सगळ्या सेवेचं पेन्शनही सहसा गेलं. म्हणून ‘गिल्टी म्हण, हलकं सुटशील’ हा सल्ला ऐकताना शिक्षेची कमाल मर्यादा आधी विचारा. रूल 129 प्रमाणे सोबत एक सहायक ठेवता येतो, तो वकीलही असू शकतो. तो सल्ला देईल, प्रश्न सुचवेल. स्वतः प्रश्न विचारू शकत नाही. प्रश्नांची यादी त्यामुळे तयारच ठेवा.

सीओंशी आधीपासून वाद असेल तर तो लेखी कळवा. 1987 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात जवानाने अधिकाऱ्याविरुद्ध थेट वर तक्रार केली, त्याबद्दल 28 दिवसांची शिक्षा झाली, ती भोगताना जेवणाचा हुकूम नाकारला म्हणून समरी कोर्ट मार्शलमध्ये एक वर्ष कैद आणि डिसमिसल. पक्षपात आणि अतिरेकी शिक्षा या कारणांवर न्यायालयाने ते रद्द केलं. यातून एक बारीक गोष्टही दिसते: तक्रार खरी असली तरी ती ठरलेल्या मार्गाने, कलम 26 खाली न्या.

अटक, 96 तास आणि डिफेंडिंग ऑफिसर

ताब्यात घेतल्याची खबर सीओंना मिळाल्यापासून 48 तासांत आरोपाची चौकशी सुरू व्हावी लागते, न जमल्यास कारण द्यावं लागतं. पुढे लांबलं तर दर आठ दिवसांनी अहवाल जातो. अटकेची तारीख आणि वेळ घरच्यांना कळवून ठेवा.

कोर्ट मार्शलपूर्वी आरोप सांगितल्यापासून निदान 96 तास मिळायलाच हवेत, सक्रिय सेवेत 24. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये हा नियम बंधनकारक ठरवला आहे. तेव्हा ‘मला वेळ नको, लगेच सुरू करा’ असा कागद देऊ नका. डिफेंडिंग ऑफिसर (आरोपीची बाजू मांडणारा अधिकारी) मागताना ‘कोणीही चालेल’ असं न लिहिता दोन-तीन अधिकाऱ्यांची नावं पसंतीक्रमाने द्या. जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये नागरी वकील आणायचा असेल तर परवानगीचा अर्ज लवकर टाका. न्यायालय बसलं की सदस्यांची नावं वाचून ‘हरकत आहे का’ विचारतात. ज्याने आधी त्याच प्रकरणाची चौकशी केली आहे तो सदस्य असेल तर तेव्हाच बोलायचं.

निकालानंतर तारखा चुकवणं

ज्या निकालाला वरिष्ठांची मंजुरी लागते, त्यात मंजुरीआधी आणि मंजुरीनंतर, दोन्ही वेळा कलम 164 खाली अर्ज करता येतो. त्यासाठी कामकाजाची प्रत रूल 147 खाली लगेच मागा. सेवाविषयक अर्जाला सशस्त्र दल न्यायाधिकरणात अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. मुंबईतही खंडपीठ आहे. समरी कोर्ट मार्शलची शिक्षा डिसमिसलची किंवा तीन महिन्यांहून जास्त कैदेची नसेल, तर ती न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही आणि उच्च न्यायालयात रिट याचिकेचा रस्ता उरतो. आदेश पोस्टाने आला असेल तर पाकीट फेकू नका. मुदत कधी सुरू झाली हा वाद निघाला, की त्यावरचा टपालाचा शिक्का कामी येतो.