अमेरिकेत बॅचलर्स करताय आणि मेजर ठरत नाहीये? मग आधी एवढं करा

आपल्याकडे ॲडमिशनच्या दिवशीच ब्रँच ठरलेली असते, त्यामुळे तिकडे शिकणारं पोर 'अनडिसायडेड' आहे, म्हणजे मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) ठरलेलं नाही म्हटलं की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. पण तिकडची पद्धतच वेगळी आहे. एमआयटीत पहिल्या वर्षी कुणालाच मेजर नसतं, स्टॅनफर्डला तर दुसरं वर्ष संपेपर्यंत मुदत असते. तेव्हा घाबरू नका, फक्त निवांतही बसू नका.

आधी मनात घोळणारे दोन-तीन विषय लिहून काढा आणि प्रत्येक डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर चार वर्षांचा सॅम्पल प्लॅन असतो तो उघडून शेजारीशेजारी ठेवा. सगळ्यात लांब साखळी कुणाची ते बघा. फिजिक्स किंवा इंजिनिअरिंगला कॅल्क्युलस एक, मग दोन, मग मल्टिव्हेरिएबल असं एकामागून एकच घ्यावं लागतं, पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस टाळलं की पुढचं सगळंच सरकतं आणि कधीकधी अख्खं वर्ष वाढतं, फी डॉलरमध्ये भरताय हे विसरू नका. याउलट हिस्टरी किंवा सोशिऑलॉजी दुसऱ्या वर्षी सुरू केलं तरी बहुतेक वेळा आरामात बसतं. म्हणून मन कुठेही ओढत असलं तरी लांब साखळीवाला विषय आधी सुरू करा, नंतर सोडता येतो. बाकी विषय चाखून बघायला जनरल एज्युकेशनचे (म्हणजे मेजरबाहेरच्या, सगळ्यांना घ्याव्या लागणाऱ्या कोर्सेसचे) क्रेडिट आहेतच, ते सोपे कोर्स शोधण्यात घालवू नका प्लीज.

काही मेजरना जागा मर्यादित असतात, कंप्युटर सायन्स, नर्सिंग, बिझनेस वगैरे. तिथे वेगळा अर्ज आणि चांगला जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो. बर्कलीत तर २०२३ पासून कंप्युटर सायन्सला बहुतेक प्रवेश ॲडमिशनच्या वेळीच होतात, नंतर आत शिरणं फार कठीण. आणि हो, जो कोर्स मेजरला लागू शकतो तो पास-फेल (ग्रेडऐवजी नुसतं पास किंवा नापास) करून घेऊ नका, बऱ्याच ठिकाणी तो मेजरसाठी धरतच नाहीत.

आता एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावाल्यांनी हे नीट वाचा, कारण सीनियर मुलंसुद्धा हे उशिरा सांगतात. डिग्रीनंतर ओपीटी (आपल्या विषयातलं काम तिकडे करायची परवानगी) १२ महिन्यांचं, पण मेजर स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) असेल तर आणखी २४ महिने वाढवून मिळू शकतं. हे मेजरच्या नावावर नाही, त्याच्या सीआयपी कोडवर (अभ्यासक्रमाच्या सरकारी वर्गीकरणातल्या क्रमांकावर) ठरतं. इकॉनॉमिक्सचंच घ्या, साध्या इकॉनॉमिक्सचा कोड स्टेम यादीत नाही, पण इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा ४५.०६०३ आहे, आणि कोणतं कॉलेज कोणता कोड वापरतं ते वेगवेगळं. त्यामुळे मेजर डिक्लेअर (अधिकृतपणे नक्की) करायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला कोड विचारा, आणि मेजर बदललं की डीएसओकडून (कॉलेजात व्हिसाचं काम बघणारा अधिकारी) आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) अपडेट करून घ्या. नुसत्या स्टेमसाठी नावडता विषय मात्र घेऊ नका, चार वर्षं तोच अभ्यास तुम्हालाच करायचाय.

शेवटचं काम ॲडव्हायझरचं. भेटीआधी पोर्टलवर डिग्री ऑडिटमध्ये (डिग्रीसाठी काय झालं, काय उरलं याचा हिशोब) 'व्हॉट-इफ' पर्याय असला तर तिथे एकेक मेजर टाकून बघा, आत्तापर्यंतचे कोणते कोर्स कुठे बसतात आणि किती उरतात ते लगेच दिसतं. तो प्रिंट घेऊन जा आणि थेट विचारा, हे आत्ता डिक्लेअर केलं तर मी वेळेत ग्रॅज्युएट होईन का, पुढच्या सेमिस्टरला नक्की काय घेऊ.