श्वेरीन एका दिवसात: आधी मनोरा, मग राजवाडा

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, म्हणून नागपूरकरांना जूनचा पहिला पंधरवडा सोयीचा. तेव्हा उत्तर जर्मनीतल्या श्वेरीनला रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. जाकीट मात्र घ्याच, तलावावरचा वारा बोचतो. हॅम्बुर्गहून रेल्वेने सुमारे एक-दीड तास. सोमवार टाळा, राजवाड्यातलं संग्रहालय बंद असतं. रविवारी किराणा दुकानंही बंद, तेव्हा शाकाहारी मंडळींनी शनिवारीच ब्रेड, फळं, चीज घेऊन ठेवावं.

लोक स्टेशनवरून थेट राजवाडा गाठतात आणि फोटो काढून परततात. उलट करा. स्टेशनजवळच्या फाफेनटाइश तळ्याच्या काठाने कॅथेड्रलकडे जा. मनोरा ११७.५ मीटर उंच. वर जायला दोनशेहून अधिक अरुंद पायऱ्या आहेत, गुडघेदुखी असेल तर नाद सोडा. तिकिटासाठी सुटे युरो जवळ ठेवा. शहर किती पाण्यात आहे, ते वरून दिसतं, आणि राजवाडा बेटावर का, हे सांगावं लागत नाही. तिथे आधी ओबोट्राइट या स्लाव्ह लोकांचा गड होता. ११६० मध्ये सॅक्सनीचा ड्यूक ‘सिंह’ हेन्री चालून आला, तेव्हा त्यांचा राजा निक्लोट स्वतःच गड जाळून निघून गेला. त्याच वर्षी तो मारला गेला. शहराची स्थापना हेन्रीच्या नावावर आहे.

खाली बाजारचौकात हेन्रीच्या नावाचा सिंहस्तंभ आहे. राजवाड्याच्या मुख्य दारावर मात्र घोड्यावर बसलाय तो निक्लोट! कारण १९१८ पर्यंत मेक्लेनबुर्गवर, म्हणजे या प्रदेशावर, त्याच्याच वंशजांनी राज्य केलं. हा पुतळा वर न पाहता आत शिरू नका.

आजचा राजवाडा १८४५ ते १८५७ मधला. मुख्य वास्तुविशारद डेमलर, पण १८४८ च्या क्रांतीशी सहानुभूती नडली आणि १८५१ मध्ये त्याला काढलं. पुढचं काम श्ट्यूलरने पुरं केलं. फाफेनटाइशच्या काठावरची शस्त्रागाराची इमारतही डेमलरचीच, जाता-येता बघून घ्या.

आत सिंहासनकक्ष चुकवू नका. एका भागात मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याची विधानसभा बसते, त्यामुळे काही दारं बंदच राहतात. तिथे विनाकारण रेटू नका. (याच राज्यातलं रॉस्टॉक शहर कितीतरी मोठं, तरी १९९० मध्ये राजधानी श्वेरीनच झाली.) हा सगळा परिसर २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत आला, आणि ती बैठक नवी दिल्लीत भरली होती.

संध्याकाळ मागच्या बागेसाठी ठेवा. क्रॉसच्या आकाराच्या कालव्याच्या दूरच्या टोकाकडून राजवाड्याचा फोटो चांगला येतो. बोटीची फेरी हवी असेल तर सकाळीच वेळापत्रक पाहून ठेवा. परतीची गाडीही आधीच बघा, उशिरा गाड्या कमी होतात.