शासकीय कार्यालय भाड्याच्या जागेत की स्वतःच्या इमारतीत: प्रस्तावाआधीची तयारी

भाडे दरवर्षी डोळ्यांत खुपते, कारण ते कार्यालयाच्या स्वतःच्या अनुदानातून, ‘१४ – भाडेपट्टी व कर’ या खर्चाच्या बाबीतून जाते. इमारतीचा खर्च ४०५९ (सार्वजनिक बांधकामांवरील भांडवली खर्च) या लेखाशीर्षाखाली, म्हणजे शासकीय हिशेबाच्या खात्याखाली, एकदा पडतो, दुरुस्तीचा २०५९ (सार्वजनिक बांधकामे) खाली, आणि दोन्ही बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या हिशेबात. कार्यालयप्रमुखाच्या टेबलावर ते बिल येतच नाही, म्हणून टिपणीत ‘स्वतःची इमारत किफायतशीर’ असे बिनदिक्कत लिहिले जाते. तेव्हा पैसे कोणत्या लेखाशीर्षातून जातात हे बाजूला ठेवा आणि दोन्ही बाजूंचे सगळे रुपये एकाच कागदावर आणा.

सुरुवात गरजेपासून करा. आकृतिबंधातली (शासनाने ठरवलेल्या पदरचनेतली) मंजूर पदे आणि प्रत्यक्ष भरलेली पदे वेगळी लिहा. दहा वर्षे रिक्त असलेल्या पदांसाठी चौरस मीटर मागू नका. अभिलेख कक्ष, अभ्यागतांची बसण्याची जागा, सर्व्हर, स्त्री-पुरुष स्वच्छतागृहे, दिव्यांगांसाठी १:१२ उताराचा रॅम्प हे सगळे धरून चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, काढा. पुढची प्रत्येक तुलना चटई क्षेत्रावरच करायची. मालक सुपर बिल्ट-अपचा (जिना, लॉबीचा वाटाही धरून) दर सांगतो, अभियंता बिल्ट-अपचे (भिंती धरून) अंदाजपत्रक देतो आणि टिपणीत दोन्ही आकडे शेजारी बसतात. निम्म्या तुलना इथेच फसतात.

भाड्याची जागा पाहायला जाताना टेपसोबत विजेचे बिल मागून घ्या. त्यावरचा मंजूर भार दुकानापुरता असेल, तर संगणक आणि एसी लावल्यावर वाढीव भाराचा खर्च कोण करणार, ते तिथेच ठरवा. भोगवटा प्रमाणपत्रावरचा वापर वाचा: निवासी लिहिले असेल तर प्रश्न फक्त परवानगीचा नाही. आयएस ८७५ या इमारतींवरील भाराच्या भारतीय मानकानुसार घराच्या खोलीची फरशी चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरून बांधलेली असते. फाइलींच्या खोलीला ५०० किलो लागतात. पहिल्या मजल्यावरच्या सदनिकेत लोखंडी रॅक भिंतीलगत छतापर्यंत भरले की स्लॅब झुकतो, खालच्या गाळ्याच्या छताला तडे जातात आणि भांडण सुरू होते. अभिलेख तळमजल्यावर ठेवता येत नसतील तर ती जागा सोडा, भाडे कितीही कमी असो.

कागद असे जमवा: शासकीय जागा उपलब्ध नसल्याचे पत्र, जागेची मोजणी, आणि बांधकाम विभागाचे वाजवी भाडे प्रमाणपत्र. या प्रमाणपत्राची तारीख आणि मुदत करारापेक्षा आधी पाहा. करार संपला, नवे प्रमाणपत्र आले नाही, कार्यालय तिथेच चालू, भाडे मात्र बंद: थकबाकीची बहुतेक प्रकरणे अशीच तयार होतात. मुदत संपण्याच्या वर्षभर आधी फाइल हलवा. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा (महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५). त्यात भाडेवाढीचा टक्का, मालमत्ता कर कोणाकडे, जीएसटी धरून की वगळून, गळतीची दुरुस्ती किती दिवसांत, हे स्पष्ट लिहून घ्या. महामंडळांनी जास्त सावध राहावे. कायद्याने स्थापन झालेल्या महामंडळांना कलम ३ मुळे भाडेकरूचे संरक्षण मिळत नाही.

आता स्वतःची इमारत. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आरक्षण, अतिक्रमण, पोहोच रस्ता हे तपासून झाले की जमिनीची किंमत रेडी रेकनरने लिहा, ती शासनाचीच असली तरी. तिथे दुसरे काही उभे राहू शकले असते, तेव्हा तिची किंमत शून्य धरणे म्हणजे निकाल आधी ठरवून हिशेब मांडणे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि काम मिळून जितकी वर्षे जातील, तितकी वर्षे चालू भाडेही याच बाजूला टाका. हे कोणीच टाकत नाही. मग रंग, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, वायरिंग, लिफ्ट, आणि तीस वर्षांनंतरचे संरचनात्मक परीक्षण. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने सळ्या लवकर गंजतात, तिथे देखभालीचा टक्का वाढवा.

एक मांडणी नमुन्यादाखल, आकडे कल्पित. ५०० चौ.मी. चटई क्षेत्र, मासिक भाडे चौ.मी.ला ६०० रुपये, म्हणजे वर्षाला ३६ लाख. दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ. पुढे द्यायचा रुपया आजच्या रुपयापेक्षा स्वस्त पडतो, म्हणून तीस वर्षांचे भाडे वर्षअखेरीस दिले असे धरून दरसाल ७.५ टक्के दराने घटवून आजच्या किमतीत आणले तर ६.७८ कोटी होतात. दुसरीकडे तेवढ्याच चटई क्षेत्रासाठी भिंती-जिने धरून ७५० चौ.मी. बांधकाम ४०,००० रुपये दराने ३ कोटी, जमीन १.५ कोटी. काम चालू असतानाच्या तीन वर्षांचे भाडे ०.९४ कोटी. देखभाल बांधकाम खर्चाच्या २ टक्के, दरवर्षी ५ टक्के वाढती, चौथ्या वर्षापासून: १.०५ कोटी. पंधराव्या वर्षी आजच्या दराने ६० लाखांची मोठी दुरुस्ती (वाढ ५ टक्के), तिचे ०.४२ कोटी. शेवटी उरलेल्या जमिनीची किंमत (वाढ ५ टक्के) ०.७४ कोटी वजा केली की ६.१७ कोटी. इमारत ६१ लाखांनी स्वस्त.

आता आजच्या किमतीत आणण्याचा हा दर ७.५ ऐवजी १० टक्के करा. भाडे ५.०६ कोटी, इमारत ६.०८ कोटी, निकाल उलटला. त्यामुळे कोणता दर घेतला आणि का, हे टिपणीत पहिल्या पानावर हवे. राज्य ज्या व्याजाने कर्जरोखे काढते तो दर घेणे मला सयुक्तिक वाटते, पण एक टक्का वर आणि एक टक्का खाली करूनही दाखवा. फरक पाच-दहा टक्क्यांच्या आत असेल तर पैशावर निर्णय टेकवू नका; लोकांना पोहोचायला सोपे कोणते, कार्यालय तिथे वीस वर्षे राहणार का, हे पाहा. तात्पुरत्या प्रकल्प कार्यालयासाठी इमारत मागणे तर सरळ चूक.

तयार इमारत विकत घेणे हा तिसरा रस्ता. नरिमन पॉइंटची २३ मजली एअर इंडिया इमारत राज्य शासनाला १,६०१ कोटींना देण्यास केंद्राने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. क्षेत्र सुमारे ४६,४७० चौ.मी., म्हणजे चौ.मी.ला सुमारे ३.४५ लाख. पण राज्याने २९८.४२ कोटींचे येणेही सोडले. ते किमतीत धरले तर दर ४ लाखांच्या पुढे जातो, आणि अंतर्गत सजावट, अग्निशमन, वातानुकूलन हे त्यावर. तुमच्या तालुक्यातली इमारत छोटी असली तरी सोडून दिलेली थकबाकी, माफ केलेले अधिमूल्य (प्रीमियम), हस्तांतरणाची फी हे रकाने तक्त्यात ठेवाच.

प्रस्तावाला जोडायचे: आकृतिबंध, चटई क्षेत्राचा नकाशा, भाडे प्रमाणपत्र, तीन दरांनी केलेला तक्ता, आणि देखभालीसाठी २०५९ मधून तरतूद होईल असे बांधकाम विभागाचे पत्र. ते पत्र मिळायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून त्याची मागणी पहिल्याच दिवशी पाठवा.