कमी पाण्यात कार्पेट साफ करायला मशीन कोणतं घ्यावं?

बडोद्यात पावसाळ्यात ऑफिसचं कार्पेट भरपूर पाण्याने धुतलं की ते लवकर सुकत नाही आणि कुबट वास धरतं. त्यामुळे अलकापुरी, सयाजीगंजकडची कामं घेणाऱ्यांनी कमी पाण्याची पद्धतच धरावी, म्हणजे मशीनखाली ओलसर पॅड लावून कार्पेट पुसायचं.

मशीन बघताना आधी वेग विचारा. मिनिटाला साधारण 175 फेरे घेणारं 17 इंची सिंगल डिस्क मशीन (खाली एकच गोल फिरणारी तबकडी असलेलं) चालतं. फरशी चमकवायचं हजार-दीड हजार फेऱ्यांचं मशीन मात्र कार्पेटवर कधीही लावू नका. घर्षणाच्या उष्णतेने कार्पेटमधले पॉलिप्रॉपिलीनचे (एक प्रकारचं प्लास्टिक) धागे वितळतात.

सिंगल डिस्क स्वस्त, पण हात बसेपर्यंत ते एका बाजूला ओढतं आणि मऊ, कापलेल्या लवीच्या (वरच्या धाग्यांची टोकं कापलेल्या) कार्पेटवर गोल वळ उठवतं. बजेट असेल तर माझं मत ऑर्बिटललाच: पॅड छोट्या वर्तुळात थरथरतो, हँडल सरळ राहतं, नवा मुलगाही चालवू शकतो.

दुकानात डेमो मागाच, तोही कार्पेटवर. पॅड ओलसर हवा, निथळता नको. काळा पडला की उलटा करायचा. मशीन लावण्याआधी व्हॅक्यूम नीट मारा, नाहीतर कोरड्या धुळीचा चिखल होतो. हाताने विणलेल्या लोकरी गालिच्याला मशीन लावूच नका.