जुन्या पिकअपला चौथा गिअर: ऑटोमॅटिक बॉक्स बदलताना पार्ट कसे निवडावेत

माझ्याकडे १९७९ ची शेव्हरोले सी-१० आहे. ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन आणि मागे तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० ऑटोमॅटिक बॉक्स (पुढे नुसतं '३५०' म्हटलं की हा बॉक्स, इंजिन नव्हे). ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा अख्ख्या अमेरिकेत ताशी ५५ मैलांची मर्यादा होती, त्यामुळे तीन गिअर पुरून उरत. आज टेक्ससच्या हायवेवर ७५ च्या पाट्या आहेत. सत्तरला गेलो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं. कोल्हापूरहून बाबा आले होते, एसटीच्या वर्कशॉपमध्ये उमर गेलेला माणूस. पहिल्याच फेरीत म्हणाले, "अरे, वरचा गिअर टाक की." आता नसलेला गिअर कुठून टाकणार?

म्हणून ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी ठेवणाऱ्या चौथ्या गिअरचा, बॉक्स बसवला. त्यात शिकलो ते असं की बॉक्स निवडणं सोपं असतं, पैसा आणि रविवार जातात ते त्याच्या आजूबाजूच्या बारक्या सामानात. खरेदी गाडीच्या मागच्या चाकापासून सुरू करा आणि पुढे सरकत या. मी उलटं केलं होतं.

१. आधी एक्सलचा रेशो काढा

रेशो म्हणजे मागची चाकं एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्टचे (बॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतच्या दांड्याचे) किती फेरे लागतात तो आकडा. या पिढीच्या पिकअपमध्ये ग्लव्हबॉक्सच्या झाकणाला आतून कोडांचा कागद चिकटवलेला असतो. त्यात जीयू४ असेल तर एक्सल ३.०८ चा, जीटी४ असेल तर ३.७३ चा. कागद गेला असेल किंवा आधीच्या मालकाने एक्सल बदलला असेल तर हाताने मोजा. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं वर उचलून घोडीवर, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पुढच्या चाकांना अडण. वरचं चाक बरोबर दोन वेळा फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. तीन फेरे आणि वर थोडंसं झालं तर ३.०८, पावणेचारच्या जवळ गेलं तर ३.७३. हे साध्या डिफरन्शियलसाठी. लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकं एकत्र फिरवू पाहणारं डिफरन्शियल) असेल तर दोन्ही चाकं उचला आणि एकच फेरा द्या.

मग इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा हिशोब: ताशी मैल गुणिले एक्सल रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचांत. माझे टायर २३५/७५ आर १५, म्हणजे सुमारे २९ इंच. सत्तरच्या वेगाला ३.७३ च्या एक्सलवर इंजिन साधारण ३००० फेरे घेतं. ०.७० च्या ओव्हरड्राइव्हने ते २१०० वर येतं, अगदी हवं तसं. एक्सल ३.०८ चा असेल तर तेच २५०० वरून १७५० वर उतरतं. तिथे जुनं व्ही-८ चढावर धापा टाकतं आणि बॉक्स तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये ये-जा करत राहतो. अशा गाडीला आधी मागचे क्राऊन-पिनियन बदलायचे की ओव्हरड्राइव्हचा नादच सोडायचा, हे पाकीट उघडण्याआधी ठरवा.

२. कुठला बॉक्स?

साध्या कार्ब्युरेटरच्या दोन चाकी ड्राइव्हच्या शेव्हरोलेसाठी माझं मत ७००आर४ ला. तो १९८२ मध्ये आला, १९९० पासून त्याचंच नाव ४एल६० झालं. गिअर ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. जुन्या ३५० चा पहिला गिअर २.५२ चा होता, म्हणजे सिग्नलवरून उठतानाही गाडी हलकी वाटते. दुसरा गिअर पडताना मात्र इंजिनचे फेरे एकदम खाली येतात. त्याची सवय व्हायला आठवडा लागतो.

१९९३ पासूनचा ४एल६०ई चांगला, पण तो कॉम्प्युटरवर चालतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याला वेगळा कंट्रोलर आणि थ्रॉटल सेन्सर द्यावा लागतो. ज्याला वायरिंगची हौस आहे त्याने जरूर करावं. रोज जड ट्रेलर ओढणाऱ्याने ४एल८०ई बघावा, तोही कॉम्प्युटरवालाच. २००-४आर हाही ओव्हरड्राइव्हचा बॉक्स. त्याची लांबी आखूड शेपटीच्या (बॉक्सच्या मागच्या नळीसारख्या भागाच्या) ३५० इतकीच, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागत नाही, फक्त मागचा माउंट बराच मागे जातो. चांगला नग मिळाला तर वाईट नाही.

३. भंगारातून घेताना

७००आर४ ओळखायचा तो तेलाच्या पॅनवरून. जवळजवळ चौकोनी पॅन, १६ बोल्ट. ३५० च्या पॅनचा एक कोपरा छाटलेला असतो आणि बोल्ट १३. शक्यतो १९८७ नंतरचा घ्या, तोवर आतल्या बऱ्याच गोष्टी सुधारल्या होत्या. १९८२ ते ८४ च्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट २७ स्प्लाइनचा (शाफ्टवरच्या उभ्या दात्यांचा), नंतरच्यांचा ३०. कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देणारा भाग) वेगळा घेणार असाल तर हा आकडा लिहूनच दुकानात जा.

माझी फसगत इथेच झाली. एका भंगार यार्डात स्वस्तात ७००आर४ मिळाला. बॉक्स तोच, पॅन तोच, विकणारा "सगळ्या शेव्हीला बसतो" म्हणाला. घरी आणून इंजिनला लावायला गेलो तर बोल्टांची भोकं जुळेनात. तो २.८ लिटरच्या व्ही-६ च्या एस-१० (शेव्हरोलेचा छोटा पिकअप) मधला होता. त्या इंजिनाच्या मागच्या तोंडाची ठेवण निराळी असते, आणि या बॉक्सचं घंटेसारखं तोंड मुख्य कवचातच ओतलेलं असल्याने ते बदलताही येत नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काढलेल्या जुन्या बॉक्सच्या तोंडाचा ठसा फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर घेऊन गेलो, भोकांसकट. यार्डातली पोरं हसली, पण पुठ्ठा जुळला.

शक्य असेल तर तिथेच पॅन उतरवा. चुंबकावर राखाडी, मऊ चिखल असणं ठीक. धातूचे कपचे दिसले किंवा तेल तपकिरी होऊन करपल्याचा वास आला तर तो बॉक्स फक्त कवचाच्या भावाने घ्या. या बॉक्समध्ये तिसऱ्या-चौथ्या गिअरचे क्लच आधी जातात, आणि आतून भरून घेण्याचा खर्च खरेदीच्या कितीतरी वर जातो.

४. फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टर

फ्लेक्सप्लेट म्हणजे इंजिनच्या मागची दातेरी चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात. ती दोन मापांची येते: १५३ दात्यांची छोटी आणि १६८ दात्यांची मोठी. स्टार्टर त्याच मापाचा लागतो, दोघांचे बोल्ट वेगळ्या ठेवणीचे असतात. १९८५ पर्यंतच्या छोट्या व्ही-८ ला मागचं सील दोन तुकड्यांचं, १९८६ पासून एकसंध, आणि त्यानुसार प्लेटही वेगळी. ४०० चं इंजिन असेल तर त्याचं बॅलन्सिंग बाहेरून असतं, त्याला त्याचीच प्लेट. कन्व्हर्टरच्या बोल्टांचं वर्तुळ १०.७५ किंवा ११.५ इंचांचं. बऱ्याच प्लेटांना दोन्ही भोकं असतात, पण पट्टी लावून खात्री करा.

कन्व्हर्टर लॉकअपचाच (आतल्या क्लचने थेट जोडला जाणारा, म्हणजे घसरत नाही असा) घ्या, साध्या स्टॉलचा, म्हणजे कमी फेऱ्यांतच ताकद पोचवणारा. रेसिंगवाला नको.

बसवताना कन्व्हर्टर हलकेच फिरवत आत ढकला. तो टप्प्याटप्प्याने 'ठप्' करत आत जातो, आणि शेवटचा टप्पा म्हणजे पंपात बसणं. माझा दोनदा ठप् झाला आणि मला वाटलं झालं. बाबांनी बोट लावून फिरवला, परत ठप्. "गाडी काही घाईत नाही," म्हणाले. बॉक्स इंजिनला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने सहज फिरला पाहिजे, आणि तो आणि प्लेट यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर फट हवी. बोल्ट आवळून बॉक्स ओढून घ्यायचा मोह झाला तर थांबा. तिथेच पंप फुटतो.

५. टीव्ही केबल: इथे कंजुषी नको

टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. ही केबल कार्ब्युरेटरच्या हातापासून (थ्रॉटलच्या लिव्हरपासून) बॉक्सच्या आत जाते. नवख्याला ती जुन्या किकडाउन केबलसारखी वाटते, पण हिचं काम फार मोठं. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते बॉक्सला हिच्यातूनच कळतं आणि त्यावर आतला तेलाचा दाब ठरतो. केबल सैल राहिली तर दाब कमी, क्लच घसरतात आणि काही मैलांत जळतात. ती न जोडता गाडी गल्लीतल्या गल्लीतही फिरवू नका.

जुना कार्ब्युरेटर ३५० साठीचा असेल तर त्याच्या हातावर केबल अडकवायची जागा चुकीच्या उंचीवर असते. केबल ओढली जाते, पण योग्य प्रमाणात नाही. होली किंवा एडलब्रॉक कंपनीचा कार्ब्युरेटर असेल तर हमखास. त्या त्या कार्ब्युरेटरसाठी दुरुस्तीचा हात आणि ब्रॅकेट तयार मिळतात, ते घ्या. मग एकाला आत बसवून अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवायला सांगा आणि केबल त्याच क्षणी पूर्ण ताणली जाते का ते बॉनेटखाली डोळ्यांनी बघा. नंतर दाबाचा गेज लावून खात्री करून घेतली तर उत्तम.

६. लॉकअप, कूलर आणि बाकी

कॉम्प्युटर नसलेल्या गाडीत लॉकअपसाठी छोटा वायरिंग किट लागतो: इग्निशनचे १२ व्होल्ट, मध्ये ब्रेकचा स्विच आणि बॉक्समधला चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच. ब्रेक मारताच लॉकअप सुटलाच पाहिजे. लॉकअप न जोडता ओव्हरड्राइव्हमध्ये लांब पळवलं तर कन्व्हर्टर घसरत राहतो आणि तेल तापतं. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये हे परवडत नाही, म्हणून रेडिएटरमधल्या कूलरच्या जोडीला बाहेरचा एक कूलर लावा. आधीचा बॉक्स जळून गेला असेल तर जुना कूलर धुऊन पुरत नाही. आत अडकलेला कचरा नव्या बॉक्समध्ये येतो.

७००आर४ ची लांबी ३०.७५ इंच. तुमच्या ३५० ची शेपटी सहा इंचांची असेल तर नवा बॉक्स तीन इंच लांब पडतो, नऊ इंचांची असेल तर जवळजवळ सारखाच. योक (बॉक्सच्या शेपटीत सरकणारं शाफ्टचं टोक) दोन्हींचा २७ स्प्लाइनचा, म्हणून जुनाच चालतो. शाफ्ट कापून घ्यायचा तर बॉक्स बसवून, गाडी चाकांवर उभी करून, योक पूर्ण आत ढकलून पाऊण-एक इंच बाहेर काढा आणि तेव्हाच माप घ्या. लांब बॉडीच्या गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, फक्त पुढचा कापायचा. क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून धरणारा आडवा दांडा) साधारण दोन इंच मागे सरकतो.

उरलेली यादी: नवीन डिपस्टिक आणि नळी, तेल (कोरडा बॉक्स आणि कन्व्हर्टर मिळून ११ क्वार्टच्या आसपास), स्पीडोमीटरचा गिअर एक्सलप्रमाणे, व्हॅक्यूमची जी नळी आता रिकामी राहते तिला बूच, आणि स्टिअरिंगवरच्या गिअरदर्शकाची पट्टी, कारण जुन्यात सहा खुणा आणि नव्यात सात. पट्टी बदलली नाही तर काटा 'डी' वर दिसतो आणि गाडी ओव्हरड्राइव्हमध्ये असते. माझ्या गाडीत ती अजून जुनीच आहे. बायको ती गाडी चालवायला तयार नाही, आणि तिचं चुकत नाही.

जुना ३५० निदान दोन महिने विकू नका. पाचशे मैलांनंतर नव्याचा पॅन उतरवा, चुंबक पुसून बघा, मग जुना विकायला काढा.