दसऱ्याच्या तोड्याआधी फवाऱ्याची वही काढा

पोळा होऊन आठ दिवस झाले. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर, उमरेड, कुही पट्ट्यात मिरची फुलावर आली आहे, आगाप लावलेल्या वावरात बारीक फळंही धरली. गेला आठवडा आभाळ झाकलेलं होतं आणि आता ऊन चटका देतंय. असं झाकोळ-ऊन झालं की थ्रिप्स म्हणजे फुलकिडे उसळतात, आणि कृषी केंद्रावर रांग लागते. येत्या दोन-तीन आठवड्यांत जो फवारा माराल तोच औषधाच्या अंशाच्या तपासणीत तुमचा माल पास करेल किंवा नापास. म्हणून आजच फवाऱ्याच्या नोंदीची वही काढा. पोराच्या मागच्या वर्षीच्या वहीतली कोरी पानं असली तरी चालतील.

तीन वर्षांमागची गोष्ट. आमच्या गटातल्या अकरा जणांची वाळली मिरची एका व्यापाऱ्यामार्फत निर्यातदाराकडे गेली. नमुना तपासणीत नापास झाला. निर्यातदाराने विचारलं, कोणी काय मारलं ते सांगा, ज्याचा माल साफ आहे त्याचा वेगळा घेतो. अकरापैकी दोघांकडेच नोंद होती. एक म्हातारे काका तर पोत्यात रिकाम्या बाटल्या भरून घेऊन आले. म्हणाले, "लिवून ठेवाचं काय भाऊ, समदं डोक्शात हाय." त्या बाटल्यांत एक ‘बायो’ टॉनिकची होती. तिच्यावर नोंदणी क्रमांक नाही, घटकाचं नाव नाही, नुसतं हिरवं पान छापलेलं. दुकानदाराने ती बाराशेला दिली होती आणि बिल कच्चं, चिठ्ठीवर. माल एकाच ढिगात मिसळलेला, त्यामुळे ज्या दोघांची वही होती त्यांचाही माल त्याच भावात गेला. काका पोतं उचलून निघाले तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरलो नाही. कीड नव्हती, पाऊस नव्हता, पीक घरात आलेलं होतं. आणि ते नोंदीविना गेलं.

बाहेर म्हणजे मुख्यतः युरोपात औषधाच्या अंशाचा नियम कडक आहे, असं सांगितलं की "आपली मिरची नागपूरच्या कळमना बाजारात जाते, युरोपाशी आपलं काय देणंघेणं?" असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. कळमन्यातून ती मसालेवाल्याकडे जाते, तिथून पुढे कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. आणि ज्याला बाहेर पाठवायची आहे तो घेण्याआधीच नमुना तपासतो. नियम तिकडचा असला तरी भाव इथेच पडतो.

तो नियम नीट समजून घ्या. युरोपीय संघाचे २७ देश या बाबतीत एकच कायदा पाळतात. मालात औषधाचा किती अंश चालेल याचा नियम २००५ चा, कोणतं औषध शेतात वापरू द्यायचं याचा २००९ चा. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवून दिलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होतं. हिशेब करा: शंभर टन मालात एक ग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही. एखाद्या बंदरात नमुना नापास झाला की त्याची खबर त्यांच्या तातडीच्या सूचना यंत्रणेतून सगळ्या देशांना जाते. नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी हे २०१० मध्ये भोगलं. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचा अंश सापडला आणि कंटेनर तिकडेच अडकले. द्राक्षात बागेची नोंदणी आणि नोंदवही आज सवयीची झाली आहे, ती अशा फटक्यांतूनच.

क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची मंजुरी युरोपाने जानेवारी २०२० मध्ये संपवली. पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होण्याची भीती हे त्यातलं एक मोठं कारण. आपल्याकडे हळदीच्या हुमणीला आणि वाळवीला तेच हाताशी येतं. थायोमेथॉक्झाम आणि क्लोथियानिडिन यांच्या उघड्या शेतातल्या वापरावर २०१८ मध्ये बंदी आली, कारण मधमाश्या. आता पुढचं पाऊल: ७ मार्च २०२६ पासून या दोन औषधांची मर्यादा यंत्राला मोजता येईल तेवढ्यावर आणली आहे, आणि ती बाहेरून येणाऱ्या मालालाही लागू आहे. जगभरच्या मधमाश्या जगाव्यात म्हणून आयात मालाची मर्यादा खाली आणणं हे वेगळंच पाऊल आहे, आणि मला ते पटतं. संत्र्याच्या फुलावर, तिळाच्या फुलावर माश्या किती कमी दिसतात ते आपणही बघतोच.

आता वावरात काय होतं ते सांगतो. सोयाबीनवर मारायला थायोमेथॉक्झाम आणि लॅम्डा सायहॅलोथ्रीनची जोड-बाटली आणलेली असते. तिच्यात चार बोटं औषध उरतं. "फेकाचं कायले," म्हणून ते मिरचीत जातं. वहीत नोंद नाही, बिल सोयाबीनचं, आणि अंश मिरचीत. उरलेली बाटली मिरचीत ओतू नका. पंपाचंही तसंच. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. जमत नसेल तर तीनदा धुवा, नळी आणि नोझलसकट. शेजारच्या पऱ्हाटीचा (कपाशीचा) फवारा वाऱ्याने तुमच्या मिरचीवर येत असेल तर धुऱ्याकडच्या दोन ओळींचा तोडा वेगळा ठेवा.

दुसरी गोष्ट प्रतीक्षा काळाची, म्हणजे शेवटचा फवारा आणि तोडा यांतले दिवस. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, मिरचीत ४० दिवस. पोळा ते दसरा म्हणजे बरोबर ४० तिथ्या. बैल धुतले की हे औषध मिरचीतून बाद, एवढं लक्षात ठेवा. एमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के (१० लिटरला ४ ग्रॅम) याचे ३ दिवस, तेही फळ पोखरणारी अळी दिसली तरच. पण लेबलवरचे दिवस आपल्या देशातल्या मर्यादेसाठी ठरवलेले आहेत, युरोपाची मर्यादा त्याहून कडक असू शकते. मी स्वतः लेबलच्या दिवसांत आणखी आठ-दहा दिवस धरतो. हा माझा अंदाज आहे, शिफारस नाही. आणि मिरची वाळली की पाणी उडतं, औषध राहतं. ओल्या मालात पास झालेला अंश वाळल्यावर किलोमागे वाढतो.

फवाऱ्याआधी शेंडा बघा. पानं वर वळली असतील तर फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी कीड. दुकानात दोन्हीला एकच महागडा ‘कॉम्बो’ मिळतो. सकाळी पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. पाच-सहाच किडे पडले तर मी थांबतो, निंबोळी मारतो.

मिरचीतली बाकी कामं:
• ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळून १०० लिटर करा.
• निळे-पिवळे चिकट सापळे एकरी १० ते १२.
• पाणी साचतं तिथे चर.
• चुरडा-मुरडाने (पानं आकसणाऱ्या रोगाने) पार गेलेली झाडं उपटून जाळा.
• वाळवण ताडपत्रीवरच. मातीवर वाळवलेल्या, ओल राहिलेल्या मिरचीत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन येतं. त्याचीही मर्यादा तिकडे कडक आहे.

आंबिया संत्रा, फळगळ:
• गळलेली फळं रोज वेचून खड्ड्यात पुरा.
• धुऱ्यावरची गुळवेल, वासनवेल काढा. रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या तिच्यावर वाढतात.
• संध्याकाळी बागेत धूर.
• आमिष: २० मिली मॅलाथिऑन, २०० ग्रॅम गूळ, पडलेल्या फळांचा रस अर्धा लिटर, २ लिटर पाण्यात, रुंद तोंडाच्या भांड्यात. औषध फळावर जात नाही म्हणून मला हे फवाऱ्यापेक्षा बरं वाटतं. भांडी मात्र लेकरांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर.

पऱ्हाटी:
• गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे (वासाने नर पतंग ओढणारे) एकरी २. सलग तीन रात्री, दर रात्री एका सापळ्यात ८ पतंग आले की मगच औषध. अमावस्येच्या मागेपुढे अंडी जास्त पडतात असं जुने कास्तकार सांगतात. मी सर्वपित्रीच्या आधी सापळे लावून मोकळा होतो.
• छातीभर पऱ्हाटीत वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. तोंडाला फडकं, हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्या. २०१७ चं यवतमाळ आठवा. फवारणीच्या विषबाधेने एका हंगामात त्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली.

वहीत सहा रकाने पुरे: तारीख, वावराचा भाग, औषधाचं नाव आणि त्यातला घटक, बॅच नंबर, पंपाला किती टाकलं, कोणी फवारलं. सातव्यात तोड्याची तारीख. बिल पक्कंच मागा, त्यावर बॅच नंबर हवा, आणि ते त्याच पानाला टाचा. नोंदणी क्रमांक नसलेली बाटली, मग ती ‘सेंद्रिय’ म्हणून दिलेली का असेना, दुकानातच परत करा. अशा बाटल्यांत कडक रसायन मिसळलेलं सापडलेलं आहे.

माझ्या ओळखीच्या एका घरात ही वही सातवीतली मुलगी लिहिते. बाप पंप खाली ठेवतो, ती बाटलीवरचं वाचून उतरवते, आणि नाव वाचता आलं नाही तर बाटली फेकू देत नाही. पहिला हिरवा तोडा दसऱ्याला धरला असेल तर पोळ्यानंतरचा प्रत्येक फवारा आज रात्री आठवून लिहा. आठवत नसेल त्या ओळींचा माल वेगळ्या पोत्यात भरा, आणि पोत्यावर तसं लिहा.